किल्लेदारांचा दिनविशेष

पोंक्षे घाबरट होते, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढची हकीकत वाचून कोणीतरी त्यांना शूर ठरवेल, आणि ते त्यांना मुळीच खपलं नसतं. "शूर माणसाच्या शेजारी बसू नये गं, तो आपल्यालाही उठवतो," असं ते मला एकदा अगदी गंभीरपणे म्हणाले होते.

टोकियोच्या तोयोसु भागातल्या आमच्या ऑफिसात त्यांचं कामच घाबरण्याचं होतं. बँकेची सिस्टिम बंद पडली तर काय, वीज गेली तर काय, आग लागली तर काय, याच्या याद्या करायच्या आणि वर्षातून दोनदा सगळ्यांकडून तालीम करून घ्यायची. पन्नाशी उलटलेली, उंची बेताची, खांदे रुंद, आणि कपाळावर कायमची एक आठी. गळ्यातल्या ओळखपत्राच्या दोरीला एक शिट्टी आणि अंगठ्याएवढी बॅटरी लटकवलेली असे. मूळचे नाशिकचे. बायको तिथे कॉलेजात शिकवायची. ती एकदा तीन आठवड्यांसाठी टोकियोला आली, दोन बारीकसे धक्के अनुभवले आणि परत गेली ती पुन्हा फिरकली नाही.

"शहाणी आहे," पोंक्षे म्हणायचे.

"मग तुम्ही का राहिलात, काका?"

"परत जायला विमानात बसावं लागतं ना."

ऑफिसात मी त्यांना सुरुवातीला पोंक्षे-सान म्हणायची, घरी काका. घरी म्हणजे कावासाकीत आमच्याच इमारतीत ते नवव्या मजल्यावर राहायचे, आम्ही चौथ्या. त्यांच्या घरी कपाटं, फ्रिज, टीव्ही, सगळं भिंतीला पट्ट्यांनी जखडलेलं होतं. पुस्तकं जमिनीवर, कारण वरून पडणारं पुस्तक डोक्यात बसतं. चहा स्टीलच्या भांड्यातून, कारण काच फुटते आणि मग अनवाणी पायांचं काय होतं ते त्यांनी मला चहा पितापिता सविस्तर सांगितलं होतं. न्हाणीघरातला टब सदैव भरलेला, कारण भूकंपात नळ बंद पडतात. दाराशी एक पाठपिशवी, त्यात गूळ-शेंगदाणे, मेतकूट आणि हेल्मेट.

पण पोंक्षे लोकांच्या लक्षात राहिले ते त्यांच्या दिनविशेषामुळे. आपल्याकडे शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात चौकट आखून दिनविशेष लिहायचे ना, तस्साच ते सकाळच्या बैठकीआधी ऑफिसच्या पांढऱ्या फळ्यावर लिहीत. वर इंग्रजीत, खाली त्यांच्या मोडक्या जपानीत. आणि विषय? दोन-सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेची सरहद्द. तिथले लाकडी किल्ले, जंगलात घुसलेल्या पलटणी, केलेले तह आणि मोडलेले तह. रोज काही मिळायचं नाही, पण मिळालं की चौकट भरलीच. एक मला अजून पाठ आहे. "४ नोव्हेंबर १७९१. नव्या अमेरिकेच्या सैन्याने नदीकाठी तळ ठोकला. माणसं दमली होती, म्हणून भोवती काही उभारलं नाही. उद्या उभारू म्हणाले. पहाटे हल्ला झाला आणि सैन्य उरलं नाही." त्याखाली लाल पेनाने दोनच शब्द: उद्या उभारू.

आमच्या मराठी पोरांनी लगेच त्यांचं नाव किल्लेदार ठेवलं. आमचे मॅनेजर इशिदा-सान यांनी त्याचा अर्थ विचारला, कोणीतरी सांगितला, आणि त्यांना तो इतका आवडला की पुढच्या आठवड्यापासून सगळा मजला, माझ्यासकट, पोंक्ष्यांना किल्लेदार-सान म्हणायला लागला. जपानी मंडळी तो दिनविशेष वहीत उतरवून घेत. ही भारतातली काहीतरी सुरक्षेची पद्धत असावी, असा त्यांचा समज होता आणि तो आम्ही कोणी दूर केला नाही.

मी एकदा विचारलं, "काका, आपल्याकडे किल्ल्यांना काय तोटा होता? नाशिकच्या माणसाने हे परदेशी लाकूडफाटे कशाला धरून बसावं?"

"आपल्या किल्ल्यांचं बोलताना माणूस फुगतो," ते म्हणाले. "मला फुगायचं नाहीये. मला नीट घाबरायचंय. ते परक्याच्या किल्ल्यात जमतं. आणि बघ ना, ती जमीन तरी त्यांची कुठे होती? ज्यांची होती त्यांच्या घरादारांवर हे चालून गेले. रात्रभर दोन्हीकडची माणसं घाबरून जागी. मला दोन्हीकडची कळतात."

त्यांची आणखी एक खोड होती, आणि ती मात्र अंगावर यायची. जपानात सकाळ होते तेव्हा अमेरिकेत आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. पोंक्षे चौकट आखून झाली की पेनाचं टोपण लावत आणि हळूच म्हणत, "तिकडे अजून तीनच तारीख आहे. जेवणं चाललीत. कोणाला काही पत्ता नाही." ते असं म्हणाले की मला खरंच कुठेतरी माणसं जेवताना दिसायची, आणि मी हातातली कॉफी खाली ठेवायची.

पंधरा ऑगस्टला त्यांनी मराठी मंडळाच्या ग्रुपवर जे केलं त्याबद्दल तर लोक अजून बोलतात. सकाळपासून ग्रुपवर झेंडे फडकत होते. पोरांचे तिरंगी टोप्यांतले फोटो, कोणीतरी केलेले तिरंगी ढोकळे. त्यात किल्लेदारांचा संदेश येऊन पडला: "१५ ऑगस्ट १८१२. आजचं शिकागो आहे तिथे एक किल्ला होता. वरून हुकूम आला, किल्ला सोडा. आतल्यांपैकी कित्येकांना ते पटत नव्हतं, पण हुकूम तो हुकूम. सगळे सरोवराच्या काठाने निघाले, लहान मुलं एका गाडीत बसवली होती. दोन मैलही गेले नसतील, तोच हल्ला झाला. गाडीतली मुलंसुद्धा वाचली नाहीत. तात्पर्य: बाहेर पडू नका." आणि खाली: "तिकडे अजून चौदा तारीख आहे. सामान बांधतायत."

ग्रुप चालवणाऱ्या बाईंनी लिहिलं, "पोंक्षे, आज तरी!" कोणी रागावलेल्या तोंडाची चित्रं टाकली. मी हसले होते, हे कबूल करते. संध्याकाळी जिन्यात ते भेटले. ते लिफ्ट वापरत नसत, म्हणून त्यांची भेट नेहमी जिन्यातच व्हायची. "चुकलं का गं माझं?" त्यांनी विचारलं. "सगळे एवढे आनंदात होते, मला वाटलं कोणीतरी लक्ष ठेवायला हवं."

मी हसले ते एकदाच नाही. एका दुपारी ऑफिसात बारीक धक्का बसला. टेबलावरचं पाणी हललं इतपतच. जपानी मंडळींनी मान वर करून पाहिलं आणि परत टाइप करायला लागली. पोंक्षे टेबलाखाली. धक्का गेला तरी टेबलाखाली. चहाची वेळ झाली तरी. मी वाकून म्हटलं, "काका, या आता." तर दोन्ही हातांनी टेबलाचा पाय धरलेला, आणि सगळं अंग थरथरत होतं. तापात थरथरतो तसा तो माणूस थरथरत होता. मागून पोरं खिदळली, आणि मीही त्यांच्यात सामील झाले. त्यांनी वर पाहिलं ते माझ्याकडे. आजही ती नजर आठवली की मला माझी लाज वाटते.

आता त्या कार्डाचं सांगते. इथल्या शाळांत दर एप्रिलमध्ये एक हिकिवाताशी कार्ड भरून द्यावं लागतं. मोठा भूकंप झाला तर शाळा मुलांना एकटं सोडत नाही, आणि कार्डावर ज्यांची नावं आहेत त्यांच्याच ताब्यात देते. माझी ईरा तेव्हा दुसरीत होती. पहिलं नाव माझं, दुसरं नवऱ्याचं, समीरचं. पण तो महिन्यातले पंधरा दिवस ओसाकाला. तिसरी ओळ शाळेने रिकामी ठेवू दिली नाही. मी जिन्यात पोंक्ष्यांना गाठलं.

"माझं नको," ते लगेच म्हणाले. "मी येणार नाही. मी त्या वेळी टेबलाखाली असेन, तुला माहीत आहे."

"काका, नुसतं फॉर्मपुरतं. जवळ राहणारा माणूस हवा म्हणतात."

"फॉर्मपुरतं असं काही नसतं. नाव लिहिलं की पहारा लागला." दोन पायऱ्या चढले आणि वळले. "लिही. पण विसंबू नकोस माझ्यावर. खरंच सांगतो, विसंबू नकोस."

मी पोळ्या करताकरता, एका हाताने कार्ड भरलं. शाळेची वेळ झाली होती आणि ईरा दारात बूट घालून ओरडत होती.

आणि नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी दुपारी तो आला.

मी बाविसाव्या मजल्यावर होते. आधी सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले, मग इमारत हलायला लागली आणि थांबेचना. उंच इमारती तुटत नाहीत, डोलतात, असं तालमीत सांगितलं होतं. पण डोलताना त्या जुन्या खाटेसारख्या करकरतात, हे कोणी सांगितलं नव्हतं. छताचा एक तुकडा झेरॉक्स मशिनवर पडला. मी टेबलाखाली होते आणि टेबलाचा पाय मी दोन्ही हातांनी धरला होता. तोंडातून आवाज येत होता तो माझाच आहे हे मला उशिरा कळलं.

थांबलं तेव्हा पहिला विचार ईराचा. गाड्या बंद, लिफ्ट बंद, फोन लागेना. समीर ओसाकात अडकलेला. शाळेचा एकच संदेश आला: सर्व मुलं सुखरूप, व्यायामशाळेत आहेत, येऊन घेऊन जावं. त्यानंतर नेटवर्कच गेलं. गुरुवारी पोंक्षे घरून काम करायचे, म्हणजे ते शाळेपासून दहा मिनिटांवर होते. मी त्यांना फोन लावत राहिले. लागला नाही. लागला असता तरी काय, मी स्वतःशी म्हटलं, तो माणूस टेबलाखाली बसला असेल.

इशिदा-सान सगळ्यांना सांगत होते, कोणीही चालत निघू नका, रस्त्यावर काचा पडतायत, ऑफिसातच थांबा. नियम तोच आहे, आणि योग्यच आहे. तरी आमच्या मजल्यावरून दोन जणी निघाल्या. त्यांची मुलं पाळणाघरात होती. त्यांनी बूट घट्ट बांधले आणि गेल्या. त्यातली एक मला म्हणाली, "मेघना-सान, कावासाकी आमच्याच वाटेवर आहे. येतेस?"

मी नाही गेले. मी जिन्याच्या दारापर्यंत गेले. बावीस मजल्यांचा तो जिना, बाहेर एकामागून एक पूल, मग पाच-सहा तासांची चाल, आणि दर थोड्या वेळाने पायाखाली ते हलणं. मी इशिदा-सानांकडे बोट दाखवून म्हटलं, "थांबायला सांगितलंय ना." आणि परत येऊन बसले. माझी सात वर्षांची मुलगी पलीकडे होती आणि मी बसले. हे मी समीरलाही कित्येक महिने सांगितलं नव्हतं.

ती रात्र कशी गेली ते लिहीत नाही. सकाळी काही गाड्या सुरू झाल्या. थोडं गाडीने, थोडं धावत मी साडेआठला शाळेत पोचले.

व्यायामशाळेच्या दाराशी एक लांब टेबल आडवं लावलं होतं. टेबलाच्या आतल्या बाजूला गादीवर ईरा आणि आणखी दोन मुलं गाढ झोपलेली. बाहेरच्या बाजूला, दारातल्या थंडीत, घडीच्या खुर्चीवर पोंक्षे. डोक्यावर हेल्मेट, मांडीवर पाठपिशवी. डोळे छतावरच्या दिव्यांवर खिळलेले.

ईराच्या बाई धावत आल्या. वाकून वाकून माफी मागत त्यांनी सांगितलं ते असं. धक्का बसल्यावर तासाभरात हे गृहस्थ आले. नऊ मजले जिन्याने उतरून, हेल्मेट घालून, चेहरा पांढराफटक. कार्ड काढून पाहिलं तर तिसऱ्या ओळीत नाव लिहिलं होतं: किल्लेदार.

मी. मीच लिहिलं होतं. त्या सकाळी पोळी तव्यावर असताना, रोज तोंडात असलेलं नाव. त्यांनी दाखवलेल्या निवासपत्रावर अर्थातच पोंक्षे.

"नाव जुळत नव्हतं, म्हणून आम्ही मुलीला देऊ शकलो नाही," बाई म्हणाल्या. "ईरा-चान ओरडून सांगत होती की मी यांना ओळखते. तरीही नियम आहे. आम्हाला क्षमा करा."

"ते रागावले का?"

"नाही. नियम चांगला आहे, म्हणाले. कोणालाही देऊ नका म्हणाले. आणि त्या खुर्चीवर बसले." मग बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "प्रत्येक धक्क्याला ते उठून बूट घालायचे. दारापर्यंत जायचे. आम्हाला वाटायचं, आता गेले. मग ते परत यायचे, बूट काढायचे आणि बसायचे. असं कितीदा झालं, आम्ही मोजणं सोडून दिलं."

मला रडू आलं. बाईंसमोर, मुलांसमोर, हमसाहमशी. पोंक्ष्यांनी छतावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

"आलीस?" ते म्हणाले. "भात खाल्ला तिने. मी इथून बघत होतो. लोणच्याला हात लावला नाही."

"काका, मी चालत निघायला हवं होतं. मी घाबरले. मी निघालेच नाही."

मला वाटलं, ते म्हणतील की बाहेर पडायचं नसतंच, बरोबर केलंस. ते तसं काही म्हणाले नाहीत. "घाबरतो गं माणूस," एवढंच म्हणाले, आणि माझ्या पाठीवर एकदा हात ठेवून लगेच काढून घेतला.

पुढे महिनाभरातच पोंक्षे नोकरी सोडून नाशिकला गेले. विमानात कसे बसले कोण जाणे. ऑफिसात त्यांचा निरोपाचा केक कापला तेव्हा मी तापाने घरी होते, आणि ते जाताना माझ्या दारावर एक चिठ्ठी चिकटवून गेले की टब भरून ठेवत जा. त्यामुळे त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते त्या सकाळीच.

ईराला उठवून आम्ही निघालो. बुटांच्या फळीपाशी पोंक्ष्यांना नाडी बांधता येईना. बोटं ऐकत नव्हती. ईरा झोपेतच खाली बसली, जपानीत "मी करते" म्हणाली, आणि दोन्ही बुटांना गाठी मारून दिल्या. ते तिच्या डोक्याकडे बघत उभे राहिले. फाटकाबाहेर आमच्यापुढे चालायला लागले, घरांपासून आणि खांबांपासून लांब, रस्त्याच्या बरोब्बर मधून. वाहन एकही नव्हतं. काही पावलं गेले असतील, तेवढ्यात तारा हलल्या. मग जमीन.

पोंक्षे तिथेच खाली बसले. भर रस्त्यात, उकिडवे, दोन्ही हात हेल्मेटवर. मी ईराचा हात घट्ट धरला होता. तो तिने सोडवला आणि धावली. मी थांब म्हणायला तोंड उघडलं, पण माझे पाय तिच्यामागे निघालेही होते. आम्ही दोघी त्यांच्या दोन बाजूंना बसलो. ईराने त्यांच्या कोटाची बाही धरली.

"थांबलं का गं?" डोळे मिटूनच त्यांनी विचारलं.

"थांबलं, काका," मी म्हणाले.

थांबलं नव्हतं.